दोन वाघिणींचं गिऱ्हाईक

रेल्वेच्या शयनयानांनी कोट्यधीश झालेल्या जॉर्ज पुलमनचं नाव या गावाला दिलेलं आहे, आणि तिथं रेल्वेनं जाता येत नाही. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, आयडाहोच्या सीमेला लागून असलेलं हे पुलमन. जवळचं प्रवासी स्थानक सव्वाशे किलोमीटरवरच्या स्पोकेनला, आणि शिकागोहून येणारी ‘एम्पायर बिल्डर’ तिथं येते तीही मध्यरात्र उलटल्यावर. माझी भाची पुलमनच्या विद्यापीठात आहे. ती गाडी घेऊन आली होती. हमरस्त्यानं दीड तासात पोहोचलो असतो, पण मी तिला उजेड होईपर्यंत थांबायला लावलं आणि वर आडवाटेनं चल म्हणालो. “मामा, तिकडं गव्हाशिवाय काही नाहीये,” ती म्हणाली. मला गहूच बघायचा होता, आणि तो गहू नेणारी छोटी रेल्वेसुद्धा.

स्पोकेनच्या दक्षिणेला मार्शल नावाची जागा आहे. तिथं बीएनएसएफ या बलाढ्य रेल्वेच्या मुख्य मार्गातून एक फाटा फुटतो. तो स्पँगल, प्लाझा, रोझेलिया, ओक्सडेल, गारफिल्ड अशी गावं घेत दक्षिणेला उतरतो. आम्ही त्याच्या सोबतीनं निघालो. रोझेलियाला रस्त्यालगत काँक्रीटच्या कमानींचा एक देखणा पूल आहे. तो ‘मिलवॉकी रोड’ या रेल्वे कंपनीचा. ही कंपनी 1977 मध्ये दिवाळखोरीत गेली, 1980 मध्ये तिनं या भागातून गाशा गुंडाळला, आणि तिच्या मार्गावर आता लोक सायकली चालवतात. एकाच गावात एक रेल्वे मेलेली आणि दुसरी जगलेली, हे शेजारीशेजारी बघायला मिळतं.

या प्रदेशाचं नाव पलूस. आपल्या सांगलीकडच्या पलूसशी त्याचं काही नातं नाही. वाऱ्यानं हजारो वर्षं आणून टाकलेल्या मऊ मातीच्या टेकड्या, एकीमागून एक, आणि सगळ्यांवर गहू. उतार इतके तीव्र की इथली कापणीयंत्रं कललेल्या जमिनीवरही आपलं अंग आपोआप समतल ठेवतात. स्टेप्टो ब्यूट या 3612 फुटांच्या डोंगरावर गाडीनं जाता येतं. वरून पाहिलं तर पिवळ्या-हिरव्या लाटांमध्ये पाच-सात ठिकाणी पांढरे उंच ठिपके दिसतात. ती धान्याची कोठारं, इथल्या भाषेत एलिव्हेटर. एक ठिपका म्हणजे एक गाव, आणि बहुतेक गावं रुळांच्या काठानंच वसलेली. 1880 च्या दशकात नॉर्दर्न पॅसिफिक आणि युनियन पॅसिफिक या दोन कंपन्यांनी या मुलखात चढाओढीनं फाटे घातले. बैलगाडी किंवा घोडागाडी दिवसाभरात जाऊन परत येईल एवढ्या अंतरावर कोठारं उभी राहिली.

पुढं ट्रक आले, रस्ते पक्के झाले, आणि या फाट्यांचा हिशेब जुळेना. अमेरिकेत 1980 पर्यंत रेल्वेच्या भाड्यावर केंद्र सरकारचं कडक नियंत्रण होतं, आणि तोट्यातला फाटा बंद करायचा तरी परवानगीचे हेलपाटे होते. पेन सेंट्रलसारखी प्रचंड कंपनी 1970 मध्येच बुडाली होती. ऑक्टोबर 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी स्टॅगर्स कायद्यावर सही केली, आणि रेल्वे कंपन्यांना दर ठरवायची आणि नको ते मार्ग विकायची मोकळीक मिळाली. मोठ्यांनी फाटे सोडले, छोट्यांनी उचलले. आज अमेरिकेत अशा सुमारे 600 छोट्या मालवाहू रेल्वे आहेत. त्यांना तिकडं ‘शॉर्टलाइन’ म्हणतात. कुणाकडं पाच मैल रूळ, कुणाकडं पाचशे. सगळ्यांचे मिळून सुमारे 80 हजार किलोमीटर, म्हणजे देशातल्या मालवाहू रुळांपैकी तीन दशांशाच्या आसपास. मोठ्या रेल्वेच्या गाडीत दिसणाऱ्या दर पाच वाघिणींपैकी जवळजवळ एक वाघीण प्रवासाच्या सुरुवातीला किंवा शेवटी अशा एखाद्या छोट्या कंपनीच्या रुळांवर असते.

पलूसमधले फाटे 1990 च्या दशकात वॉटको या कॅन्ससच्या कंपनीकडं गेले. काही वर्षांत तिलाही ते पेलेनात. रूळ उखडले जाणार आणि सगळा गहू रस्त्यावर येणार हे दिसल्यावर राज्य सरकारनं 2004 ते 2007 दरम्यान तीन फाटे मिळून 297 मैल, म्हणजे पावणेपाचशे किलोमीटरची ही व्यवस्था विकत घेतली. राज्याचा हिशेब साधा होता. एक वाघीण धान्य म्हणजे तीन ते चार ट्रक. तेवढे ट्रक गावोगावच्या रस्त्यांवर धावले तर दुरुस्तीचा खर्च शेवटी सरकारी तिजोरीतूनच जाणार. रूळ सरकारचे, पण गाड्या चालवणाऱ्या कंपन्या खासगी. आम्ही ज्या फाट्याच्या सोबतीनं जात होतो तिथं ‘स्पोकेन, स्पँगल अँड पलूस’; पश्चिमेला चेनीपासून कूली सिटीपर्यंतच्या फाट्यावर ‘वॉशिंग्टन ईस्टर्न’.

इथं मला आपली शकुंतला रेल्वे आठवल्याशिवाय राहिली नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर-अचलपूर, वऱ्हाडातल्या कापसासाठी किलिक निक्सनच्या कंपनीनं घातलेली जवळपास 190 किलोमीटरची अरुंद वाट. कापूस, सरकी, जिनिंग, आणि त्यांच्या दारात थांबणारी गाडी. देश स्वतंत्र झाला तरी ती खासगी मालकीचीच राहिली, चालवायची भारतीय रेल्वे. रूळ खंगत गेले, गाड्या बंद पडल्या, आणि ‘सरकारनं ती घ्यावी’ ही विदर्भातल्या लोकांची मागणी मागणीच राहिली. वॉशिंग्टननं जे केलं ते काही फार थोर नव्हतं. रस्त्याचा खर्च आणि रुळांचा खर्च एकाच वहीत मांडला, एवढंच. आपल्याकडं त्या दोन वह्या दोन खात्यांत असतात.

एका गावात (नाव मुद्दाम देत नाही, सहकारी संस्थेच्या व्यवस्थापकाला मी विचारून गेलो नव्हतो) कोठाराच्या आवारात आम्ही शिरलो. सुगीचे दिवस. ट्रक येत होते, काट्यावर चढत होते, एक लांब नळी धान्यात खुपसून नमुना ओढून घेत होती. व्यवस्थापक साठीचा, टोपीवर खताच्या कंपनीचं नाव. दोन परके लोक रुळांविषयी विचारायला आलेत याचं त्याला आश्चर्य वाटलं, पण कंटाळा आला नाही. मी विचारलं, गाडी लागली तर करता काय? तो म्हणाला, “फोन करतो.” कुणाला? “ड्रायव्हरलासुद्धा.” छोट्या रेल्वेचा धंदा त्या एका शब्दात आहे. मोठ्या कंपनीत गिऱ्हाइकाची गाठ संगणकाच्या पडद्याशी पडते, आणि तिथला माणूस हजार मैलांवर टेक्ससमध्ये बसलेला असतो. इथं दोन माणसांची गाडी. तीच दोघं सांधे बदलतात, वाघिणी जोडतात, फाटकाशी उतरून वाहनं थांबवतात, आणि गरज पडली तर रुळांवरचं झाडही तोडतात.

मग मी त्याला एक काल्पनिक प्रश्न टाकला. समजा, मी या रुळांच्या काठाला डाळ भरडायचा कारखाना टाकला. रेल्वेचं गिऱ्हाईक व्हायला काय करावं लागेल?

त्याचं उत्तर आणि नंतर थोडं इकडचं-तिकडचं विचारून कळलेलं असं. पहिला प्रश्न रुळांना हात कुठं लावायचा. स्वतःची सायडिंग हवी असेल तर मुख्य मार्गात सांधा बसवावा लागतो, आणि त्याचा खर्च बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचाच, तोही लाखांच्या घरातल्या डॉलरमध्ये. सायडिंगच्या तोंडाशी एक लोखंडी खोडा बसवतात, म्हणजे उभी वाघीण कधी घरंगळलीच तर मुख्य मार्गावर न जाता तिथंच रुळांवरून उतरावी. सांध्यापासून कुठपर्यंतची देखभाल रेल्वेची आणि कुठून पुढं कारखान्याची, अपघात झाला तर विमा कुणाचा, हे सगळं करारात लिहिलेलं. एवढा खर्च झेपत नसेल तर सार्वजनिक सायडिंग असते, आपल्याकडच्या मालधक्क्यासारखी. तिथं ट्रकनं माल आणायचा आणि यांत्रिक पट्ट्यानं वाघिणीत चढवायचा. कारखाना रुळांपासून वीस मैल दूर असला तरी असा रेल्वेशी जोडला जातो, आणि बऱ्याच छोट्या कंपन्यांना नवं गिऱ्हाईक हल्ली याच वाटेनं मिळतं.

दुसरा प्रश्न भाड्याचा, आणि खरी मेख इथंच आहे. छोटी रेल्वे माल साठ मैल नेणार, मोठी पुढं चारशे किंवा दोन हजार मैल. गिऱ्हाइकाला मात्र एकच दर हवा. तो दर बहुधा मोठी कंपनी ठरवते आणि छोटीला दर वाघिणीमागं ठरलेली रक्कम देते. म्हणजे छोटीनं कितीही जीव तोडून सेवा दिली तरी मोठीनं दर चढवला की गिऱ्हाईक ट्रककडं पळतं. त्यातून काही फाटे विकताना मोठ्या कंपन्यांनी कागदावर अटी घालून ठेवल्या होत्या, की माल आमच्याशिवाय दुसऱ्या रेल्वेला द्यायचा नाही. आपल्याकडचे जुने हुंडेकरी असली मेख दुरूनही ओळखतील.

तिसरा प्रश्न रिकाम्या वाघिणींचा. सुगीत सगळ्यांना एकदमच हव्या असतात, आणि मोठी रेल्वे आधी मोठ्या गिऱ्हाइकाला देते. यावर वॉशिंग्टन राज्यानं 1994 मध्ये एक वेगळाच उपाय काढला. केंद्राकडून मिळालेल्या पैशांतून 29 जुन्या धान्यवाघिणी विकत घेतल्या आणि छोट्या कोठारांना वापरायला दिल्या. त्यांच्या भाड्यातून पुढं आणखी वाघिणी घेतल्या. ‘वॉशिंग्टन ग्रेन ट्रेन’ असं नाव पोटावर रंगवलेल्या त्या वाघिणी आजही फिरतात, आणि त्यांचं व्यवस्थापन स्थानिक बंदर-मंडळं करतात. सरकार वाघिणीचं मालक होऊन शेतकऱ्याच्या दारात उभं, हे अमेरिकेत बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

यानंतरचं सोपं. वाघिणी मागवायच्या. गाडी येते, रिकाम्या लावून जाते. भरायला ठरावीक मुदत, ती उलटली की डेमरेजचा दंड. ते दुखणं साऱ्या जगात सारखंच. भरून झालं की वाघिणीचा नंबर, माल, वजन आणि पत्ता घालून बिल करायचं. गाडी पुढच्या फेरीला त्या उचलते आणि मार्शलला अदलाबदलीच्या रुळांवर नेऊन ठेवते. तिथून त्या मोठ्या रेल्वेच्या. त्यांच्या गाडीला जागा नसेल तर वाघीण तिथंच उभी, आणि शिव्या खायच्या छोटीनं, कारण फोन नंबर तिचाच गिऱ्हाइकाच्या खिशात असतो.

एवढं ऐकून मी खूश होतो. एकेका, दोनदोन वाघिणींचं गिऱ्हाईक सांभाळणारी रेल्वे. आपल्याकडं सुट्या वाघिणींचं बुकिंग जवळपास संपून कित्येक वर्षं झाली. अख्खा रेक भरणार असाल तर बोला. मी व्यवस्थापकाला तसं म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, “मॅकॉय बघितलं का?”

ते आम्ही येताना बघितलं होतं, पण कळलं नव्हतं. रोझेलिया आणि ओक्सडेल यांच्या मध्ये, वस्ती अशी नाहीच, आणि अचानक धातूच्या प्रचंड टाक्या, वरून जाणारे पट्टे आणि एकाशेजारी एक रूळ. 2013 मध्ये सुरू झालेलं हे मॅकॉय टर्मिनल. दोन सहकारी संस्थांनी मिळून ते उभं केलं. इथं 110 वाघिणींची अख्खी गाडी एका दमात भरतात. एका वाघिणीत साधारण 100 टन. म्हणजे एका गाडीत 11 हजार टन गहू. गाडी मार्शलवरून थेट कोलंबिया नदीच्या मुखाकडं, पोर्टलंड, व्हँकुव्हर, कलामा अशा बंदरांना जाते, तिथं जहाजात रिकामी होते आणि तशीच परत येते. मध्ये कुठं तुकडे नाहीत, जोडणी नाही. मोठ्या रेल्वेला हेच हवं असतं, म्हणून दरही कमी. इथला मऊ पांढरा गहू बहुतांश परदेशीच जातो: फिलिपिन्स, जपान, दक्षिण कोरिया. जपानमधले केक आणि बिस्किटं याच गव्हाची.

छोट्या रेल्वेच्या अंगानं बघितलं तर मॅकॉय हे वरदान आहे आणि संकटही. वरदान यासाठी, की ते सरकारी फाट्यावर आहे, आणि त्यानं मार्शलपासून तिथपर्यंतच्या रुळांना कायमचं काम मिळालं. संकट यासाठी, की आजूबाजूच्या शेतकऱ्याला आता गावच्या कोठारात दोन वाघिणींची वाट बघायचं कारण उरत नाही. तो ट्रक भरतो आणि चाळीस मैल चालवत सरळ मॅकॉयला आणतो. मॅकॉयच्या पुढच्या, गारफिल्डकडच्या रुळांवर मग काय धावणार? रस्त्यावरचे ट्रक कमी व्हावेत म्हणून राज्यानं रूळ घेतले, आणि त्याच रुळांवरचं सर्वांत यशस्वी ठिकाण दूरदूरच्या ट्रकना आपल्याकडं ओढतं. व्यवस्थापकाची संस्था त्या धंद्यात भागीदार आहे की नाही ते मी विचारलं नाही. तो रागानं बोलत नव्हता. पण आवारातल्या त्याच्या सायडिंगवर गवत गुडघाभर होतं.

आणि हा सगळा खेळ ज्या तिसऱ्या भिडूमुळं चालतो तो रेल्वेत नाहीच, नदीत आहे. पुलमनपासून दक्षिणेला तासाभरात आपण स्नेक नदीच्या दरीत उतरतो. 1962 ते 1975 या काळात या नदीच्या खालच्या टप्प्यावर चार धरणं बांधून पूर्ण झाली, आइस हार्बरपासून लोअर ग्रॅनाइटपर्यंत, प्रत्येकाला बोटींसाठी दरवाजांचे टप्पे. त्यामुळं आयडाहोतलं लुईस्टन हे समुद्रापासून 465 मैल आत असूनही बंदर आहे. एका तराफ्यात सुमारे साडेतीन हजार टन गहू मावतो, आणि एक बोट असे तीन-चार तराफे ढकलत नेते. नदीचं भाडं सर्वांत स्वस्त असल्यानं रेल्वेला आपला दर त्याच्याकडं बघूनच ठेवावा लागतो. डिसेंबर 2010 ते मार्च 2011 मध्ये दुरुस्तीसाठी नदीची वाहतूक बंद ठेवली होती, तेव्हा या भागातल्या गव्हाला रेल्वेचाच आधार उरला होता.

आता प्रश्न आहे सॅमन माशांचा. धरणांमुळं सॅमनची समुद्राकडची ये-जा अवघड होते, आणि त्या माशावर ज्यांचा करारानं मिळालेला हक्क आहे त्या आदिवासी जमातींची मागणी आहे की चारही धरणं फोडावीत. 2023 च्या अखेरीला केंद्र सरकारनं जमातींशी आणि राज्यांशी समझोता केला. 2025 च्या जूनमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी तो मोडीत काढला. उद्या धरणं गेलीच तर तराफ्यांतला गहू जाणार कुठून? याच फाट्यांवरून, आणि याच ट्रकमधून. हे फाटे त्यासाठी तयार आहेत का, हा खरा प्रश्न. कित्येक ठिकाणी रूळ शंभर वर्षांपूर्वीचे आहेत. वजनाला हलके, म्हणून भरलेली वाघीण 119 टनांपर्यंतच चालते. मोठ्या रेल्वेवर 130 टनांची चालते. म्हणजे दर वाघिणीमागं दहा टन गहू कमी भरायचा आणि भाडं जवळपास तेवढंच. वेग अनेक टप्प्यांत ताशी दहा मैल. 2023 मध्ये केंद्रानं या व्यवस्थेच्या दुरुस्तीला सात कोटी डॉलरहून जास्त अनुदान मंजूर केलं. त्या पैशात सगळं होणार नाही, पण सर्वांत वाईट टप्पे होतील.

परतीच्या आधी भाचीनं मला डाळीच्या एका कारखान्याच्या बाहेर नेलं. पलूसमध्ये मसूर आणि काबुली चणा भरपूर पिकतो. पुलमनला दर ऑगस्टमध्ये मसुराचा उत्सव भरतो, 1989 पासून. भारतानं 2019 मध्ये अमेरिकी मसूर, चणे यांच्यावर वाढीव आयातशुल्क लावलं, ते 2023 मध्ये मागं घेतलं. इथल्या शेतकऱ्याला या दोन तारखा तोंडपाठ असतात आणि आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला त्या ठाऊकही नसतात. गव्हासारखी डाळ 110 वाघिणींनी जात नाही. कुणाला चाळीस टन हवी, कुणाला शंभर, प्रत जपलेली, पोत्यांत भरलेली. बहुतेक माल कंटेनरमध्ये ट्रकनं सिअ‍ॅटल-टॅकोमाच्या बंदराला जातो. मला वाटलं, रेल्वेला खरं गिऱ्हाईक इथं आहे: दोन वाघिणींचं, पण वर्षभराचं. गहू सुगीला धो-धो येतो आणि मॅकॉयकडं वाहून जातो. डाळ बारा महिने थोडी थोडी जाते, आणि असा माल उचलायला मोठी रेल्वे येणार नाही.

हेच मी त्या कारखान्यातल्या माल पाठवणाऱ्या बाईंना म्हणालो. त्यांनी मान डोलावली, पण लगेच हिशेबावर आल्या. ताशी दहा मैल की पंचवीस मैल, याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. कंटेनर बंदरात तीन आठवडे पडून राहतो तिथं वाटेतल्या दोन तासांचं काय? नवीन रूळ, जास्त वजन, हेही चांगलंच. “मला फक्त वार सांगा,” त्या म्हणाल्या. “गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येणार असेल तर मी माणसं त्याच दिवशी लावीन. कधीतरी येणार असेल तर ट्रकवाला आत्ता गेटवर उभा आहे.”